गवत्याची बोटुकली: माल चोख, सल्ला महागात

आधी चांगलं ते सांगतो. पाच हजार गवत्याची, म्हणजे गवत खाणाऱ्या ग्रास कार्प माशाची, बोटुकली (पिल्लं) सांगितली होती, पेल्यानं मोजली तर शंभरेक जास्तच भरली. बोटाएवढी, एकसारखी, शेपट्या धड. ऑक्सिजनच्या पिशव्या सकाळी नऊच्या आत तलावाच्या पाळीवर (बांधावर) पोचल्या. अर्धा तास तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मग सोडली. मेलेली मोजून अकरा निघाली. मत्स्यबीज घेणाऱ्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

दुकानाचं नाव टाकत नाही. तक्रार मालाची नाही, सल्ल्याची आहे, आणि तोच सल्ला नंतर आणखी दोन ठिकाणी कानावर आला.

आमचा तलाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातला, बाहेरच्यांसाठी सांगतो. कोहळी समाजानं बांधलेली जुनी पाळ, पाणी सोडायचं दगडी तुडूम, आणि पोटात इतका गाळ की उन्हाळ्यात कुठंच छातीच्या वर पाणी नाही. काठानं बेशरमची झुडपं माजलेली, आत हायड्रिलाचं गवत. डोंगा (होडी) अडायचा, जाळं अडकायचं. दुकानदाराला एवढंच बोललो, तर तो म्हणाला, "गवत्या टाका जी काका. वर्षात तलाव आरसा होते."

तलाव किती, पाणी किती, गवत कोणतं, एक शब्द विचारला नाही.

बेशरमला शेळी तोंड लावत नाही, तिथं मासा काय लावेल! गवत्यानं काठ सोडला आणि आतलं कोवळं गवत धरलं. पहिल्या वर्षी आम्ही दुकानदाराचे गुण गायले. डोंगा सरळ जाऊ लागला, मासा दीड किलोचा झाला, बाजारात हातोहात गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी हिरवं झालं ते झालंच. पूर्वी कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटं दिसायची, आता मनगटाच्या पुढं हात आपला आहे की नाही कळत नव्हतं. मरळ कमी झाली, कारण ती गवतातच घरटं करून पिल्लं राखते. कमळपक्षी तर एकही दिसेना.

भाचा नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. पाळीवर उभा राहून म्हणाला, "मामा, दुकानदारानं तुमच्या तलावाचाच मामा केला."

त्याचं म्हणणं, उथळ पाण्याच्या दोन तऱ्हा असतात, गवताची आणि हिरव्या रश्श्याची. तळापर्यंत ऊन पोचतं तोवर गवत राहतं. ते गाळ धरून ठेवतं, लाट मोडतं, आणि डोळ्याला जेमतेम दिसणारे पाणपिसू त्यात लपतात. पाण्यातलं बारीक शेवाळ खाणारे तेच. गवत खरडून गेलं की वारा तळ ढवळतो, माशाची विष्ठा शेवाळाला खत होते, ऊन खाली जात नाही, मग नवं गवत उगवणार कुठून? हॉलंडच्या मार्टेन शेफर आणि सोबत्यांनी १९९३ साली हेच मांडलं म्हणे. तिकडं व्हेलूवेमेर नावाच्या उथळ तलावात तळ उकरणारे मासे जाळ्यानं काढल्यावर पाणी निवळायला मदत झाली.

आम्हालाही तेच करावं लागलं. गवत्या आणि सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) जेवढा जाळ्यात आला तेवढा काढून विकला. सायप्रिनसही डुकरासारखा तळ उकरतो, तो आम्हीच मागं टाकलेला, त्याचा दोष दुकानदाराला देत नाही. मे महिन्यात तलावाचं पोट उघडं पडलं तेव्हा बेशरम मुळासकट खणली आणि कोरडा भाग नांगरला. पहिल्या पावसानंतर बायांनी वरच्या बोडीतून (लहान तळ्यातून) देशी गवत टोपल्यांत आणलं आणि गुडघाभर पाण्यात एकेक मूठ चिखलात रोवली, थेट धानाच्या रोवणीसारखी. ही युक्ती आमची नाही. आमच्याच भागात ढिवर (मासेमार) समाजाच्या संस्थांनी तलावांचे अभ्यासक मनीष राजनकरांच्या सोबतीनं असे कितीतरी तलाव सावरलेत. दुकानात जायच्या आधी तिकडं विचारायचं सुचलं नाही, ही आमची अक्कल.

सध्या तुडुमाच्या बाजूचा कोपरा निवळलाय, तिथं गवत धरलंय. मधलं पाणी अजून हिरवंच. बेशरमचे फुटवे दर महिन्याला उपटावे लागतात.

बीज: पाचापैकी साडेचार. सल्ला: पाचापैकी एक, तोही चहा पाजला म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात रोहू आणि मिरगल तिथूनच घेणार, गवत्या नाही. तुम्ही गेलात तर पिशवीला दोन रबर लावायला सांगा. आमची एक पिशवी फाट्यावरच्या गतिरोधकावर सुटली, आणि ड्रायव्हरच्या चपलेतून बोटुकली वेचावी लागली.