शाळेचं ॲप, दोन वर्षं वापरून झाल्यावर (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, ॲपचं नाव लिहीत नाहीये. आमच्या शाळेने ते स्वतःच्या नावाने बनवून घेतलंय, आत इंजिन कुठल्यातरी कंपनीचं आणि वर पाटी शाळेची, म्हणजे नाव लिहिलं की शाळा कळणार आणि मला अजून सहा वर्षं त्या गेटवर उभं राहायचंय. पण ही ॲपं आता सगळीकडे साधारण एकाच साच्यातली असतात, हजेरी, होमवर्क, बस, नोटिसा, गेटपास, तर तुमच्या शाळेत येणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय. लेक चौथीत, मुलगा आठवीत, घरात सासरे, नवरा आणि मी दोघंही नोकरीवर. म्हणजे ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात जे घर असतं ना, तेच आम्ही.

आधी काय होतं तर व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक वर्गाचा एक, बसचा एक, आणि एक 'ऑफिशियल' ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकायचे पण ॲडमिनच नऊ जण होते. सहलीची नोटीस सकाळी 7 ला यायची आणि 9 वाजेपर्यंत तिच्यावर बेचाळीस 'ओके मॅम', तीन वाढदिवस आणि एक हरवलेली पाण्याची बाटली. वर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे वेगळंच, आणि त्याचा त्रास एका आईला झालाही, जास्त लिहीत नाही. त्यामुळे ॲप आलं तेव्हा मी खूश होते. इथे पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, नोटीस एका जागी राहते, तारखेने शोधता येते. एवढ्यासाठीच एक स्टार देऊन टाकला.

आता तक्रारी.

पहिली, बसचा ठिपका. बसमध्ये जीपीएस, नकाशावर पिवळी बस सरकताना दिसते, पहिले चार दिवस तर मी ऑफिसात काम सोडून तेच बघत बसले होते. मग एक दिवस ठिपका पुलाच्या अलीकडे थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. बसताईंचा फोन लागेना. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. शेवटी सासऱ्यांचा फोन आला की अगं पोरगी कधीची घरी आलीये, हातपाय धुऊन बसलीये. म्हणजे बस व्यवस्थित आली, ठिपका तेवढा पुलाशीच राहिला.

नंतर ऑफिसातल्या एका मुलाने समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जीपीएसचं यंत्र उपग्रहांकडून फक्त ऐकतं, निदान चार उपग्रह दिसले की आपण कुठे आहोत ते त्याचं त्याला कळतं, पण ते तुम्हाला कळवायचं तर त्याला साध्या मोबाइल सिमचं नेटवर्क लागतं. नेटवर्क गेलं की बसला माहीत असतं आपण कुठे आहोत, तुम्हाला नसतं, आणि ॲप बिचारं शेवटची माहीत असलेली जागा दाखवत बसतं. हे काही पाप नाही, होतं असं. पाप हे की ठिपक्याखाली वेळ लिहिलेली नव्हती!! 'शेवटचं लोकेशन 18 मिनिटांपूर्वी' एवढी एक ओळ असती तर मी नेटवर्कला शिव्या घातल्या असत्या आणि कामाला लागले असते. जुनी माहिती ताजी म्हणून दाखवण्यापेक्षा नकाशा कोरा ठेवा की. मी फीडबॅकमध्ये हे तीनदा लिहिलं, सात महिन्यांनी अपडेटमध्ये ती ओळ आली. आली हे महत्त्वाचं, ठीक आहे.

दुसरी तक्रार नोटिफिकेशनची, आणि यात अर्धी चूक माझी. अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, नवीन ॲप टाकलं की ते आधी विचारतं नोटिफिकेशन पाठवू का, आणि आपण सवयीने नको म्हणतो कारण शॉपिंगवाल्यांनी वीट आणलाय. मी पण नको म्हटलं होतं. दोन आठवडे मला वाटत होतं काय शांत शाळा आहे. ते चालू केलं तर पुढची अडचण, फोन बराच वेळ नुसता पडून राहिला की तो बॅटरी वाचवायला ॲपांना झोपवतो (अँड्रॉइडमध्ये हे 2015 पासून आहे आणि काही फोनकंपन्या त्यावर आपलं आणखी कडक सेव्हर चढवतात), मग नोटीस येते पण तुम्ही फोन उचलल्यावर. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढून टाका. शाळेने पहिल्या पालक सभेत प्रोजेक्टरवर लोगो दाखवण्यापेक्षा हे दोन स्क्रीन दाखवले असते तर बरं झालं असतं.

आणि चालू केल्यावर काय, पूर! चित्रकलेची वही आणा, टिंग. उद्या सुट्टी नाही, टिंग. मुख्याध्यापकांचे विचार, टिंग. सगळ्याला एकच आवाज, एकच लाल ठिपका. सहा महिन्यांनी मी नोटिफिकेशन वाचायचं बंद केलं होतं, खरं सांगते, वरून खाली बोट फिरवून एकदम पुसून टाकायचे. माझी मुख्य तक्रार हीच आहे बघा. वहीचा आणि आगीचा आवाज एकच असेल तर आग लागली तरी मी बोट फिरवूनच मोकळी होणार. ॲपमध्ये 'तातडीचे' म्हणून वेगळा प्रकार होता, वेगळा आवाज पण होता, पण ऑफिसातल्या कोणीतरी फीची आठवण त्यात टाकायला सुरुवात केली आणि त्या आवाजाची किंमत गेली. पालक सभेत मी हे बोलले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग नियम झाला की तातडीचं बटण फक्त मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक दाबणार.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. सासऱ्यांकडे साधा बटणांचा फोन. त्यांच्यासाठी ॲपवाले एसेमेस पाठवतात, छान सोय आहे, पाच स्टार. पण एका संध्याकाळी कुठल्यातरी ग्रुपवर अफवा फिरली की उद्या शाळा बंद, म्हणून शाळेने खुलासा पाठवला. सासऱ्यांच्या फोनवर आलं, 'सर्व पालकांना कळविण्यात येते की पावसाच्या शक्यतेमुळे उद्या शाळा बंद'. बस, एवढंच. त्यांनी पोरीला सांगितलं, ती नाचली, दप्तर भरलं नाही, मी आणि नवरा दोघंही त्या दिवशी उशिरा आलो आणि विचारपूस न करता झोपलो. सकाळी सव्वानऊला त्याच फोनवर दुसरा एसेमेस, 'ठेवण्यात येणार नाही'.

हसू नका. म्हणजे आता मी पण हसते. झालं असं की इंग्रजी अक्षरांतला एसेमेस 160 अक्षरांचा असतो पण देवनागरीत लिहिला की फक्त 70, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेला सगळं वेगवेगळं मोजलं जातं, 'शाळा' हा शब्दच चार अक्षरं खातो. मेसेज मोठा झाला की त्याचे 67-67 चे तुकडे होतात, फोन ते जोडून दाखवतो, पण जुना फोन किंवा मध्ये कुठे अडकला तुकडा तर झालं. मी तो मेसेज बोटावर मोजला. 'बंद' च्या द वर बरोबर 67 होतात! इतकं नेमकं मुद्दाम ठरवून पण जमलं नसतं. उपाय साधा आहे, मुद्दा आधी लिहा. 'उद्या शाळा सुरू आहे.' संपलं. 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' मध्येच जवळजवळ निम्मा एसेमेस जातो आणि मराठीत क्रियापद शेवटी, 'नाही' तर त्याच्याही शेवटी, म्हणजे तुटायचं तर नेमकं तेच तुटणार. हे मी शाळेला लिहून दिलंय, क्लार्क काकांनी वाचलं, हसले, आणि पुढचा मेसेज पुन्हा 'सर्व पालकांना कळविण्यात येते की' ने सुरू झाला.

आता चांगलं सांगते, कारण साडेतीन उगाच दिलेले नाहीत.

गेटपास. मूल मधेच न्यायचं असेल तर ॲपमध्ये कोण येणार ते आधी टाकायचं, त्या माणसाचा फोटो आधीच नोंदलेला असतो, आणि मग आईबाबांच्या फोनवर कोड येतो, तो गेटवर सांगायचा. लेकीला ताप आला तेव्हा मी माझ्या भावाला पाठवलं. कोड माझ्या फोनवर, मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. आणि नोंदलेल्या फोटोत भाऊ गुळगुळीत, प्रत्यक्षात आता ही भली मोठी मिशी. वॉचमन काकांनी सोडलं नाही. लेक आतून 'मामा मामा' करतेय, हा बाहेरून ओरडतोय की अहो पोरगी मला मामा म्हणतेय अजून काय पुरावा हवा, तरी नाही. चाळीस मिनिटं. भाऊ भयंकर चिडला होता, संध्याकाळी मलाच सुनावलं. पण मी नंतर विचार केला, पोरं ओळखीच्या माणसाकडेच धावतात, आणि ज्या घरात आईबाप वेगळे झालेत आणि मूल कोणी न्यायचं ते ठरलेलं आहे तिथे 'मूल ओळखतं' याला काय अर्थ आहे. काकांना मी जाऊन थँक्यू म्हटलं. त्यांना वाटलं मी भांडायला आलेय. (फोटो बदलून टाका वेळेवर. आणि कोड फॅमिली ग्रुपवर टाकू नका, माझ्या जाऊबाई टाकतात.)

आणि दुसरं, तो धुराचा दिवस. मागच्या वर्षी कॉम्प्युटर लॅबमध्ये शॉर्ट सर्किट झालं, आग अशी नाही पण धूर खूप. मला 11:52 ला तो वेगळा आवाज आला, जो तोवर महिनोन्महिने वाजला नव्हता, आणि पोटात गोळा आला. मेसेज शब्दशः लक्षात आहे, 'लॅबमध्ये धूर. सर्व मुले मैदानावर आहेत. पालकांनी शाळेकडे येऊ नये, गेटचा रस्ता अग्निशमन गाडीसाठी मोकळा हवा. पुढचा मेसेज 12:05 ला.' बघा किती नीट. काय झालं, मुलं कुठे, मी काय करायचं, आणि पुढचं कधी कळणार. 'पॅनिक होऊ नका' असलं काही नाही, ते वाचलं की माणूस हमखास पॅनिक होतो. त्या शेवटच्या वाक्याने मला खुर्चीत बसवून ठेवलं. 12:05 ला खरंच आला, 'वर्गवार हजेरी झाली, सर्व मुले सुखरूप.' मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले थोडी. ज्यांनी पहिला मेसेज दहा मिनिटांत उघडला नाही त्यांना ॲपने आपोआप रेकॉर्डेड फोन केला, नवऱ्याला तसाच कळला. तरी पंधरावीस गाड्या गेटवर पोचल्याच म्हणे, पण पूर्वीच्या ग्रुपच्या काळात हे झालं असतं तर दोनशे असत्या, आणि कोणीतरी भलत्याच आगीचा व्हिडिओ टाकला असता.

नंतर कळलं की तो मेसेज त्या वेळी सुचलेला नव्हता, आधीच लिहून ठेवला होता, फक्त जागेचं नाव आणि वेळ भरायची. म्हणजे शाळेने कधीतरी शांतपणे बसून विचार केला होता. ॲप विकणारे हे सांगत नाहीत, ते तुम्हाला बटण विकतात.

होमवर्क, मार्क, फोटो गॅलरी वगैरे ठीकठाक, त्यावर काय लिहायचं. 'शिक्षकांशी चॅट' संध्याकाळी 6 नंतर बंद होतं, काही पालक चिडतात, मला बरोबर वाटतं, त्यांना पण घर आहे. मुलांसाठी नाव न सांगता तक्रार करायची एक पेटी आहे ॲपमध्ये, माझ्या मुलाला विचारलं वापरतोस का, तो म्हणाला आई लॉगिन माझंच आहे ना मग नाव कसं कळणार नाही. उत्तर नव्हतं माझ्याकडे. शाळेकडेही नव्हतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी विचाराच. या ॲपमध्ये मुलांची जन्मतारीख, फोटो, पत्ता, ॲलर्जी, बसचा स्टॉप आणि वेळ, सगळं आहे. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या पॉवरस्कूल नावाच्या बड्या कंपनीतून शाळांचा असाच डेटा चोरीला गेला, आणि चोर काही भिंत फोडून आला नव्हता, सपोर्ट पोर्टलचं चोरलेलं लॉगिन वापरून सरळ दारातून आत. कंपनीने डेटा पुसून टाकावा म्हणून पैसेही मोजले आणि तरी पुढे काही शाळांना धमक्या आल्याच. म्हणून मी आमच्या शाळेला मेल केला, की मूल शाळा सोडून गेलं की डेटा किती दिवसांत पुसता, आणि कंपनीची किती माणसं तो बघू शकतात. आमचं ॲप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं तीही कशाला लागते ते विचारलं. पहिलं उत्तर आलं 'आपला डेटा सुरक्षित आहे'. दुसऱ्या मेलला उत्तर यायचंय. कॉन्टॅक्ट्सची परवानगी मी काढून टाकली, ॲप मस्त चालतंय, म्हणजे लागतच नव्हती. अर्धा स्टार इथे कापला.

अपडेट: आता सासऱ्यांच्या फोनवर मेसेज आला की ते मला फोन करून मोठ्याने वाचून दाखवतात आणि शेवटी विचारतात, पुढे अजून काही यायचंय का गं याचं. परवा मेसेज होता फक्त वार्षिक संमेलनाचा. आम्ही दोघं तरी दहा मिनिटं थांबलो.