स्टाफ नोटेशन छापायचे आहे: म्यूझस्कोर, लिलीपॉन्ड की डोरिको?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहायची पाश्चात्त्य स्वरलिपी) छापण्याची गरज प्रामुख्याने तिघांना पडते: बँडचे मास्तर, चर्चमधील गायकवृंद आणि पेटी-व्हायोलिन शिकवणारे संगीतशिक्षक. ज्यांचे विद्यार्थी केवळ भातखंडे लिपी (सा, रे, ग अशा अक्षरांतली) वाचतात त्यांनी वरील तीन सॉफ्टवेअरपैकी कशाच्याही वाटेला जाऊ नये. ती लिपी साध्या तक्त्यातच अधिक चांगली बसते. उरलेल्यांनी सोयींची यादी वाचण्याआधी, आपण काहीच सांगितले नाही तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने काय छापते, हे पाहावे.

बिहाग राग घ्या. ‘प, तीव्र म, ग, शुद्ध म, ग’ ही संगती, सी हा सा धरल्यास, जी, एफ शार्प, ई, एफ, ई अशी येते. भातखंडे लिपीत तीव्र मध्यमाची उभी रेघ त्या एका स्वरापुरती असते. स्टाफवर मात्र शार्पचा (स्वर चढवणाऱ्या चिन्हाचा) अंमल त्याच सप्तकातील त्या स्वरावर बार (दोन उभ्या रेघांमधला खंड) संपेपर्यंत चालतो. म्यूझस्कोरमध्ये दुसऱ्या मध्यमासाठी नुसते एफ दाबले, तर चालू अंमलाप्रमाणे पुन्हा एफ शार्पच उमटतो आणि नॅचरल (शार्प रद्द करणारे चिन्ह) आपल्यालाच द्यावा लागतो. माझ्या पहिल्या छापील बंदिशीत हा मध्यम असाच तीव्र राहिला, आणि पेटीवरच्या मुलाने तो इमानेइतबारे तसाच वाजवला. लिलीपॉन्डमध्ये सगळा मजकूरच टाइप करायचा असतो: ‘फिस’ लिहिले तर तीव्र, ‘एफ’ लिहिले तर शुद्ध (स्वरनावे मुळात डच आहेत), मग की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची चिन्हे) काहीही असो, नॅचरल कुठे छापायचा हे तेच ठरवते.

शुद्ध म पुढच्या बारमध्ये आला, तर म्यूझस्कोर आणि लिलीपॉन्ड दोन्ही मूळ मांडणीत काहीच छापत नाहीत. नियमाने ते बरोबर असले, तरी शिकाऊ हात तिथे हमखास घसरतो. डोरिको तिथे आठवणीचा नॅचरल आपणहून देते. लिलीपॉन्डला ‘मॉडर्न कॉशनरी’ ही शैली एका ओळीत मागितली की तो कंसात येतो.

तालाच्या बाबतीत डोरिको सरस वाटते. झपताल १०/८ मध्ये लिहिताना २+३+२+३ हे विभाग चौकटी कंसात दिले, की स्वरांचे गट त्याप्रमाणे जुळतात आणि पानावर मात्र १०/८ एवढेच दिसते. लिलीपॉन्डमध्येही हे आकडे तालाच्या आज्ञेतच लिहिता येतात. म्यूझस्कोरमध्ये त्यासाठी तालचिन्हाच्या गुणधर्मांच्या खिडकीत जावे लागते. मात्र डोरिकोची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते, आणि एका शिक्षकाच्या शिकवणीला तो खर्च झेपेलच असे नाही; बाकीची दोन्ही मोफत आहेत.

आपल्याकडे एकाच चालीवर मराठी अभंग आणि कन्नड हरिदासांचे पद अशा दोन ओळी छापायच्या असतात. म्यूझस्कोरमध्ये गीताच्या विषम आणि सम ओळींसाठी वेगवेगळ्या शैली असल्याने वर मराठीचा आणि खाली कन्नडचा फाँट एकदाच ठरवून देता येतो. मजकूर युनिकोडमध्ये हवा. डीटीपीच्या दुकानातून जुन्या फाँटमधील फाइल आणली तर निव्वळ कचरा दिसतो. अक्षरे तोडताना जोडाक्षर अखंड ठेवावे: ‘वि-ठ्ठ-ल’, नाहीतर स्वराखाली पाय मोडलेला ठ लोंबत राहतो.

काळी एकचा सा असेल तर लिलीपॉन्ड सांगितले तेवढेच करते: सी वरून सी शार्पला न्या म्हटले तर सी मेजरमधील चीजेवर सात शार्प येतात, डी फ्लॅट म्हटले तर पाचच फ्लॅट. बँडमधील बी फ्लॅट क्लॅरिनेट व ट्रम्पेटसाठी म्यूझस्कोर वाद्य निवडताच स्वर बदलून दाखवते. लिलीपॉन्डमध्ये तो फरक स्वतः लिहावा लागतो. म्हणून बँडला मी म्यूझस्कोर सुचवेन. शंभर बंदिशींचे एकसारखे पुस्तक काढायचे असेल आणि टाइप करण्याचा कंटाळा नसेल, तर लिलीपॉन्ड घ्यावे.

फिनाले या जुन्या नोटेशन सॉफ्टवेअरचा विचार मात्र आता करू नये, कारण २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा विकास थांबवल्याची घोषणा झाली. जुन्या फिनाले फाइली ज्यांच्याकडे असतील, त्यांनी तो संगणक सुरू आहे तोवर त्या म्युझिक एक्सएमएलमध्ये (इतर नोटेशन सॉफ्टवेअरलाही उघडता येणाऱ्या स्वरूपात) काढून ठेवाव्यात.