तून लाकडाची, पोकळ दांडीची हवायन गिटार: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात मी स्वतः घडवलेल्या गिटारवर पहिल्यांदा तारा चढवल्या आणि तेव्हापासून ती जवळजवळ रोज तास-दीड तास वाजते आहे. एक पूर्ण पावसाळा, एक हिवाळा, एक कडक उन्हाळा आणि आता दुसऱ्या पावसाळ्याची सुरुवात एवढे ऋतू तिने कोल्हापुरातल्या माझ्या घरात काढले आहेत. वाद्य नवे असताना लिहिलेल्या मताला फारसा अर्थ नसतो, कारण लाकूड अजून तारांच्या ताणाला सरावलेले नसते आणि वाजवणाऱ्याचे कौतुकही ओसरलेले नसते. म्हणून मी वर्षभर थांबले.

मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून फिरवत वाजवायच्या गिटारला आपल्याकडे जुनी मंडळी हवायन गिटार म्हणतात. हवाईच्या जोसेफ केकुकू यांना या वादनपद्धतीचे जनक मानले जाते. हवाईत वाढलेले वादक ताऊ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले, शिकवत राहिले, आणि पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी याच वाद्यावर रागदारी वाजवून तिला मैफलीत जागा मिळवून दिली. मी जो आकार निवडला, तो मात्र हर्मन वाइसेनबॉर्न या जर्मनीत जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिसमध्ये काम करणाऱ्या कारागिराचा आहे. १९२० च्या दशकात त्यांनी हवाईच्या कोआ लाकडातून ज्या गिटारी बनवल्या, त्यांची पेटी कमरेपाशी संपत नाही. ती निमुळती होत थेट खुंट्यांच्या पट्टीपर्यंत जाते. म्हणजे दांडीही आतून पोकळच असते. तारा बोटाने दाबायच्या नसल्यामुळे हाताच्या मुठीत मावणारी गोल दांडी लागत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

घरी घडवणाऱ्या नवख्या माणसासाठी हा आकार फार उदार आहे. नेहमीच्या गिटारमध्ये दांडी पेटीला कोणत्या कोनात जोडायची, तारांखालच्या पट्टीवर पडदे, म्हणजे स्वरांच्या धातूच्या आडव्या कडा, किती उंच ठेवायचे, तारा किती खाली आणायच्या, यात केसभर चूक झाली तरी वाद्य वाया जाते. इथे तारा पट्टीपासून चांगल्या नऊ मिलिमीटर उंच असतात, पडद्यांच्या जागी केवळ सपाट रेषा असतात, आणि दांडी किंचित वाकली तरी सुरावर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे सगळे लक्ष लाकूड, जाडी आणि सांधे यांच्याकडे देता येते. माझ्या मते ज्याला तंतुवाद्य घडवायला शिकायचे आहे, त्याने सुरुवात इथूनच करावी.

कोआ लाकूड आपल्याकडे मिळत नाही. परदेशातून मागवण्यापेक्षा मी मिरजेला गेले, कारण तिथे तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या तबलीसाठी, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीसाठी, पिढ्यान्‌पिढ्या तून वापरले जाते. एका कारखान्यातल्या वयस्कर कारागिरांनी मला चार-पाच फळ्या बोटाच्या पेराने वाजवून दाखवल्या. "ताई, रंगाकडे बघू नका. जिचा आवाज लगेच मरत नाही ती घ्या," एवढेच ते म्हणाले आणि बारा वर्षे माळ्यावर मुरलेली एक फळी काढून दिली. तबली, पाठ आणि बाजू या तिन्ही त्याच एका फळीतून निघाल्या. वाइसेनबॉर्नच्या गिटारींतही सहसा तबलीला वेगळे लाकूड नसे, सगळे अंग कोआचेच असे, म्हणून एकाच लाकडाचा हा प्रयोग मला धाडसाचा वाटला नाही. तारांखालची पट्टी आणि तबलीवर तारा टेकतात ती घोडी तेवढी शिसवीची आहे.

तबली अडीच मिलिमीटर, पाठ सव्वादोन आणि बाजू दोन मिलिमीटर, या जाड्या मी ठरवल्या होत्या. रंध्याने त्या गाठताना हाताला खूप काही कळले. तीन मिलिमीटरपर्यंत फळी म्हणजे फळीच असते. त्याखाली गेल्यावर ती अचानक लवायला लागते आणि टिचकी मारल्यावर उत्तर देते. बाजू वाकवताना मात्र पहिली पट्टी कमरेच्या वळणावर तडकली. लोखंडी पाइप आतून तापवून त्यावर ओली पट्टी दाबत न्यायची असते. मी ती फार भिजवली होती आणि घाईही केली होती. तून मऊ लाकूड आहे, जास्त पाणी प्यायल्यावर त्याचे तंतू दबतात आणि मग फाटतात. दुसरी पट्टी केवळ ओल्या फडक्याने पुसून, बाहेरच्या अंगाला पातळ पत्र्याचा आधार देऊन वाकवली. ती नीट वळली.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय पेटी बंद करण्याच्या मुहूर्ताचा होता, आणि तो मी नशिबाने योग्य घेतला. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. माझ्या गिटारच्या अडतीस सेंटीमीटर रुंदीच्या तबलीत हा फरक दोन-तीन मिलिमीटरांचा असू शकतो. ओल्या दिवसांत चिकटवलेली तबली उन्हाळ्यात आकसायला बघते, पण तिच्या कडा बाजूंना पक्क्या असल्यामुळे तिला जागा मिळत नाही आणि ती मधोमध चिरते. कोरड्या दिवसांत चिकटवलेली तबली पावसाळ्यात फार तर थोडी वर फुगते. मी फेब्रुवारीत, ऊन तापू लागल्यावर, तबलीला आणि पाठीला आतून आधार देणाऱ्या आडपट्ट्या आणि पेटी दोन्ही सरसाने चिकटवल्या. या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये तबलीवर एकही चीर गेली नाही, याचे श्रेय मी माझ्या हातापेक्षा त्या महिन्याला देते.

सहा तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या घरात जातो. माझा सा पांढरी दोन (पाश्चात्त्य डी) आहे आणि तारा जाडीकडून बारीककडे सा, प, सा, ग, प, सा अशा मिळवलेल्या असतात. पाश्चात्त्य वादक यालाच ओपन डी म्हणतात. भूप वाजवताना ही जुळणी इतकी सोयीची पडते की सगळ्याच मोकळ्या तारा रागातल्याच ठरतात. बागेश्रीसाठी मी गंधाराची तार चढवून मध्यमात घेते. तेवढा जादा ताण घोडीने आतापर्यंत निमूटपणे सोसला आहे.

आवाजाबद्दल सविस्तर सांगायला हवे. पहिले दोन महिने तो बंद, काहीसा नाकातून आल्यासारखा होता आणि मी मनातून खचले होते. ऑगस्टच्या सुमारास खालच्या तारा मोकळ्या झाल्या. आज या वाद्याचा खरा गुण मध्य सप्तकात आहे: तिसऱ्या-चौथ्या तारेवर सावकाश मींड घेतली की सूर गोल, उबदार आणि गळ्याच्या जवळचा येतो, आणि पोकळ दांडीमुळे तो पेटीतूनच नव्हे, डाव्या हाताखालूनही जाणवतो. वाजवताना दांडी थरथरते ते मांडीला कळते. हा अनुभव मला माझ्या जुन्या, बाजारातून घेतलेल्या भरीव दांडीच्या गिटारमध्ये कधीच आला नव्हता. आलाप, ठुमरीच्या अंगाची वळणे, संथ भावगीते, अभंग हे सगळे तिच्यावर शोभते. पाचवी तार मात्र इतरांपेक्षा जास्त घुमते. तिचा पंचम ११० हर्ट्‌झचा आहे आणि पेटीतल्या हवेचा स्वतःचा सूरही त्याच्या आसपासच पडला आहे, असे साउंडहोल हाताने अर्धे झाकून पाहिल्यावर लक्षात आले, कारण झाकताच ते घुमणे उतरते. पुढची गिटार बनवली तर हे भोक चार-पाच मिलिमीटरने बदलून मी तो सूर पंचमापासून दूर सरकवीन.

उणिवाही स्पष्टच मांडते. तून मऊ असल्यामुळे सूर चटकन उमलतो, पण तितकाच लवकर विरतो. मधल्या सा चा नाद शांत खोलीत सहा-सात सेकंद ऐकू येतो, पण तबल्याची साथ असली की त्यातले तीनच हाती लागतात. त्यामुळे विलंबित लयीत दोन स्वरांमधली जागा भरायला पुन्हा आघात करावा लागतो आणि तिथे गायकीचा धागा तुटतो. द्रुत तानांत तारा फार जवळजवळ असल्याचे जाणवते. नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात तिथे, साडेनऊ मिलिमीटर अंतर ठेवले आहे, ते साडेदहा हवे होते. झाल्यासाठी, म्हणजे शेवटच्या जलद लयीच्या भागासाठी, मध्ये मध्ये छेडायच्या चिकारीच्या तारा नाहीत. त्या बसवाव्यात असे अनेकांनी सुचवले, विश्वमोहन भट्ट यांनी गिटारपासून तयार केलेल्या मोहनवीणेचे उदाहरणही दिले. मोहनवीणेवर वीस तारा असतात आणि ती एवढा ताण घेण्यासाठीच घडवलेली असते. माझ्या अडीच मिलिमीटरच्या तबलीवर असा भार टाकणे हा तिच्यावर अन्याय होईल. ज्यांना मैफलीत जोड-झाला वाजवायचा आहे, त्यांनी या आकाराच्या वाटेला जाऊ नये, असेच माझे प्रामाणिक मत आहे.

कांडीचे प्रकरण थोडक्यात सांगते. शिवाजी उद्यमनगरमधल्या एका लेथवर पाऊण इंच जाडीच्या, तीन इंच लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या गजाचे एक टोक गोल करून घेतले आणि आरशासारखे बफिंग करून घेतले. वजन सुमारे १७० ग्रॅम भरते. सुरुवातीला मनगट दुखले, पण हलकी कांडी तारेवर थरथरते आणि खरखर करते, त्यामुळे हे वजन मला आता आवश्यक वाटते. मी खुर्चीवर बसून वाजवते. जमिनीवर मांडी घालून बसल्यास पेटीचे रुंद टोक उजव्या गुडघ्यापलीकडे घसरते, म्हणून तेव्हा खाली उशी लागते.

पहिल्या पावसाळ्यात जे झाले ते घडवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वरच्या सा वर एक बारीक झणझण सुरू झाली. आठ दिवस मी तारांना आणि खुंट्यांना दोष देत राहिले. शेवटी पाठीवर बोटाने ठोकत गेले तेव्हा एका जागी आवाज पोकळ, सैल आला. आत छोटा आरसा घालून पाहिले तर पाठीच्या एका आडपट्टीचे टोक अडीच-तीन सेंटीमीटर सुटले होते. पाठ फुगली होती आणि पट्टी तिच्याबरोबर वाकायला तयार नव्हती. चूक माझीच होती, कारण त्या टोकाला मी पुरेसे निमुळते केले नव्हते. सरस असल्यामुळे दुरुस्ती सोपी गेली: जुना थर गरम पाण्याने मऊ केला, नवा भरला, आतून फणसाच्या लाकडाचा छोटा टेकू लावून रात्रभर दाबून ठेवले. आधुनिक गोंद वापरला असता तर तो सांधा स्वच्छ करणेच जवळजवळ अशक्य होते. त्यानंतर मी पावसाळ्यात गिटार तिच्या बंद केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते आणि भिंतीला टेकवून कधीच ठेवत नाही. बाहेरून दिलेले चपड्याचे पॉलिश सुंदर दिसते, पण घामाने मनगटाखालचा भाग वर्षभरात फिका झाला. तिथे दरवर्षी हात फिरवावा लागणार. घोडीच्या मागे तबली सुमारे दीड मिलिमीटर फुगली आहे आणि डिसेंबरपासून तिथेच थांबली आहे, त्यामुळे त्याची मला काळजी वाटत नाही.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी मला हे लिहावेसे वाटले. पट्टीवर मी फिकट लाकडाच्या बारा रेषा, तारेची लांबी ६३५ मिलिमीटर धरून, पाश्चात्त्य समस्वरित सप्तकाच्या, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या, हिशेबाने बसवल्या होत्या. गिटार घडवण्याच्या सगळ्या नकाशांत तशाच असतात. सहा महिने मी कांडी बरोबर रेषेवर ठेवत राहिले आणि माझा यमन कुठेतरी टोचत राहिला. तंबोरा सुरू केला की टोचणी वाढायची. मग एका रविवारी मी डोळे मिटून, केवळ तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराशी जुळवत, सा च्या तारेवर गंधार शोधला आणि कांडी जिथे थांबली तिथे पेन्सिलीने खूण केली. ती रेषेच्या अलीकडे, नटपासून १२७ मिलिमीटरवर पडली. रेषा १३१ वर होती. कागदावर मांडले तेव्हा उलगडा झाला: शुद्ध गंधार सा च्या सव्वापट असतो, म्हणून तारेचा पाचवा भाग सोडला की तो मिळतो, आणि ६३५ चा पाचवा भाग बरोबर १२७ आहे. पंचम आणि मध्यमात फरक अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून ते कधी खटकले नाहीत. धैवत मात्र २५४ वर हवा, माझी रेषा २५७ च्या पुढे आहे. निषादाची रेषाही दोन मिलिमीटरने पुढे गेली आहे. रिषभाचे उलटे आहे, तो रेषेच्या थोडा पलीकडे आहे.

पडद्यांच्या गिटारवर याला इलाज नसतो. इथे कांडी कुठेही थांबू शकते, आणि तरीही सहा महिने मी डोळ्यांचे ऐकले, कानाचे नाही. या वाद्याकडे वळणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की रागदारी वाजवायची असेल तर पट्टीवर रेषा आखण्याआधी हा हिशेब स्वतः करावा, किंवा केवळ पाचवी, सातवी आणि बारावी (मध्यम, पंचम आणि वरचा सा) रेषा आखून बाकी पट्टी कोरी ठेवावी. माझ्या पट्टीवरच्या रेषा आता काढता येणार नाहीत. म्हणून मी पितळेच्या बारीक तारेचे तुकडे ठिपक्यासारखे बसवायला घेतले आहेत. गंधाराचा ठिपका फेब्रुवारीत बसला, धैवताचा मागच्या आठवड्यात. निषादासाठी २९६ मिलिमीटरवर भोक पाडायचे आहे, पण हवा ओली आहे आणि शिसव आत्ता फुगलेले असेल, म्हणून ते काम ऑक्टोबरपर्यंत ठेवले आहे.