सीएमटी किट आणि सडांचं डिप: आठ महिने वापरून

आमचा गोठा वडोदऱ्यात, वाघोडिया रोडच्या बाहेर. चार एचएफ (होल्स्टीन) क्रॉस गाई, दोन गीर. मागच्या वर्षी लागोपाठ तीन गाईंना दगडी (कासेची सूज, मस्टायटिस) झाली, एकीचा मागचा सड कायमचा गेला. दुधात गुठळ्या दिसल्या की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडायची, दोन दिवसांत कास मऊ पडली की बंद, असं चालायचं. एकदा आईचं विरजण लागलंच नाही, सकाळी पातेल्यात तसंच पातळ दूध. डॉक्टर म्हणाले, ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध असणार, औषध दुधात उतरलं की विरजणातले जंतूच मरतात. तेच दूध घरातली पोरं पीत होती, अजून आठवलं की जिवाला लागतं.

मग सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) किट आणलं, दुधावरून दगडी ओळखायचं. पहिल्या धारा टाकून चारही सडांचं थोडं थोडं दूध पॅडलच्या चार कपांत, तेवढंच केमिकल घालून गोल फिरवायचं. चांगलं दूध पाण्यासारखं फिरतं, खराब सडाचं शेंबडासारखं चिकट होतं. पहिल्याच दिवशी वरून धडधाकट दिसणाऱ्या गाईचे दोन सड खराब निघाले! दर पंधरा दिवसांनी करतो. जंतू कुठला ते मात्र कळत नाही आणि नुकत्या व्यालेल्या गाईचं दूध उगाच पॉझिटिव्ह दाखवतं. दिवसाउजेडीच बघा, बल्बखाली नीट दिसत नाही.

खरा फरक डिपने पडला, म्हणजे धार काढल्यावर सड बुडवायचं जंतुनाशक. आयोडीनवालं, ग्लिसरीन असलेलं घ्या, आमचं पहिलं बिनग्लिसरीनचं होतं, थंडीत सड फुटले. धार काढली की लगेच डिप आणि पुढ्यात चारा, कारण सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं असतं, तेवढा वेळ गाय शेणात बसायला नको. कपात उरलेलं परत बाटलीत ओतू नका, आम्ही महिनाभर ओतत होतो. धार काढणाऱ्या काकांची अंगठा मुडपून पिळायची सवय सोडवायला मात्र दोन महिने गेले.

आठ महिन्यांत अँटिबायोटिक एकदाच लागलं. आधी सॅम्पल लॅबला, मग डॉक्टरांनी लिहिलेला पूर्ण कोर्स, आणि लेबलवरचे दिवस संपेपर्यंत त्या गाईचं दूध मंडळीत (दूध सोसायटीत) भरलं नाही. नुकसान झालं, झालं. दोन हलक्या केसमध्ये डॉक्टरांना विचारून एनडीडीबीवाला (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचा) लेप लावला, कोरफड 250 ग्रॅम, हळद 50, चुना 15, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. कंटाळा येतो पण उतरलं.

पुढच्या महिन्यात काळी गाय आटवायचीय (व्यायच्या आधी दूध बंद करायचंय). तेव्हा सगळ्या सडांत अँटिबायोटिकची ट्यूब भरायची की टेस्टमध्ये आलेल्या एकाच, ते सॅम्पलचा रिपोर्ट आला की डॉक्टरांशी बोलून ठरवणार.