चौदाव्या लेव्हलचा फायटर आणि वीस फुटांची उडी : वापरानंतरचा अनुभव

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ), त्याच्या पाचव्या आवृत्तीतला फायटर, म्हणजे जादू नसलेल्या लढवय्याचा क्लास, पहिल्या लेव्हलपासून चौदाव्यापर्यंत वापरून झाला. हल्ले किती, ॲक्शन सर्ज (एका फेरीत जादा कृती) कधी मिळतो हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. मारामारीत माल चोख आहे. तक्रार मारामारी थांबल्यावर सुरू होते, आणि ती मुख्यतः उडीची.

२०१४चा, म्हणजे पाचव्या आवृत्तीचा मूळ नियम असा: धावत येऊन लांब उडी मारली तर जितकी स्ट्रेंथ (ताकदीचा आकडा) तितके फूट. स्ट्रेंथ सहसा २०च्या वर जात नाही, म्हणजे २० फूट, जेमतेम सहा मीटर. खऱ्या जगात माइक पॉवेलने १९९१ साली टोकियोत ८.९५ मीटर मारली, आणि त्याआधी त्याने एकही ड्रॅगन मारला नव्हता. चिलखताचं वजन धरून हिशोब केला असेल म्हणावं, तर तेही नाही. अंगात बनियन असो की पोलादी प्लेट, आकडा तोच.

खटका उडाला तो एका दरीपाशी. अकरावी लेव्हल, ३० फुटांची फट, खाली ६० फूट. आमच्यातल्या विझर्डने, म्हणजे जादूगाराने, मिस्टी स्टेप हा क्षणात जागा बदलायचा मंत्र टाकला आणि तो पलीकडे. हे स्पेल त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलपासून आहे. मला डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) ॲथलेटिक्सचा रोल दिला, डीसी २५, म्हणजे फासा टाकून किमान २५ गाठायचे. पडलो. सहा डी-सिक्स (सहा बाजूंचे सहा फासे), १९ डॅमेज, १०३ हिट पॉइंटांपैकी, म्हणजे जीव १०३चा. उठलो, समोरचा कडा चढलो, तिसऱ्या राउंडला वर. म्हणजे ६० फूट कोसळून, ६० फूट चढून, १८ सेकंदांत विझर्डच्या शेजारी हजर. यावर टेबलावर कुणी हूं की चूं केलं नाही. पण उडी दहा फूट जास्त मागितली की लगेच, ‘अरे, माणूस आहे तो, जादू कुठेय त्याच्याकडे?’

इथे माझं डोकं फिरतं. पडण्याचं डॅमेज वीस डी-सिक्सला अडतं, जास्तीत जास्त १२०. विसाव्या लेव्हलचा दणकट फायटर ढगातून पडला तरी नियमाप्रमाणे मरत नाही. म्हणजे तो अतिमानवी आहेच, फक्त मार खाण्यापुरता. भीम झाडं उपटून लढला तेव्हा कुणी त्याला मंत्र विचारला नाही, असं मी म्हटलं. डीएमचं उत्तर तयार: तो वायुपुत्र. ठीक आहे, मग माझ्या फायटरलाही कुणीतरी बाप शोधून द्या.

मध्येच आमचं टेबल त्याच आवृत्तीच्या २०२४च्या सुधारित पुस्तकावर गेलं. मी घेतलं नाही. जुन्याची शिवण अजून घट्ट आहे, तोच क्लास दोनदा कशाला विकत घ्यायचा? दुसऱ्याचं मागून वाचलं आणि मत बरंच निवळलं. टॅक्टिकल माइंड दुसऱ्याच लेव्हलला मिळतं: चेक (कौशल्याचा रोल) हुकला की सेकंड विंडचा, म्हणजे स्वतःला सावरायच्या क्षमतेचा, एक वापर खर्चून डी-टेन (दहा बाजूंचा फासा) त्यात मिळवायचा, आणि तरीही हुकला तर तो वापर खर्चीच पडत नाही. चिकट माणसाला यापेक्षा गोड नियम सापडणार नाही. पाऊलखुणा, कुलुपं, दरबारातली बोलणी, सगळीकडे चालतो. लढाई संपली की फोन काढून बसणं बंद झालं.

उडी मात्र तिथेच. उलट त्याच पुस्तकात पहिल्या पातळीचं जंप स्पेल सरळ ३० फूट देतं. फुंकर मारली तर उडेल असा नवशिका विझर्ड ते स्वतःवर टाकून माझ्या पुढे जातो!

अधूनमधून पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळलो. तिथे ॲथलेटिक्स लेजंडरी, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं, झालं की पंधराव्या लेव्हलला क्लाउड जंप घेता येतं, लांब उडी तिप्पट. छापलेलं आहे, डीएमच्या मूडवर नाही. मला हवंय ते एवढंच. आधी मी हे पहिल्या लेव्हलपासून मागत होतो. आता नाही मागत. गॉब्लिनच्या एका बाणाला घाबरण्यात मजा असते, ती घालवायची नाही. शिवाय २०१४चं पुस्तक स्वतःच सांगतं की १ ते ४ गावपातळीचे वीर, १७ ते २० जगाचं भवितव्य ठरवणारे. पायऱ्या त्यांनीच बांधल्यात, फायटरची उडी तेवढी पहिल्या पायरीवर सोडली.

विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मला पटतं. २००८च्या चौथ्या आवृत्तीत फायटरला दिवसातून एकदाच चालणारे डाव दिले होते, तेव्हा पुष्कळांना ती नाव बदललेली जादूच वाटली. वाटणारच. दंडात ताकद आहे तर ती सकाळी एकदा वापरून संपते कशी? म्हणून मोजून देऊ नका, कायमची द्या.

बऱ्याच घासाघिशीनंतर आमच्याकडे ठरलं: अकराव्यापासून उडी दुप्पट, सतराव्यापासून तिप्पट, रोल नाही. खेळ कुठे मोडला नाही. विझर्ड तसाही पाचव्या लेव्हलपासून उडतोय. गेल्या सेशनला मी बुरुजावरून थेट उडत्या वायव्हर्नच्या (ड्रॅगनच्या भाऊबंदाच्या) पाठीवर गेलो, आणि टेबलावर सगळ्यात मोठ्याने ओरडला तो डीएमच.

वजनाचं घोडं मात्र अजून अडलंय. २० स्ट्रेंथला उचलायची मर्यादा ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो. आइसलंडच्या हाफथोर ब्यॉर्नसन या खऱ्याखुऱ्या ताकदवीराने २०२० साली ५०१ किलोची डेडलिफ्ट मारली. हे डीएमला दाखवलं तर म्हणाला, एका वेळी एकच. त्यामुळे किल्ल्याचा लोखंडी दरवाजा उचलायला तो अजून रोल मागतो.