फिक्स्ड की फ्रीव्हील? आधी मागचा हब बघा

एकाच गिअरची सायकल बांधायची तर पहिला प्रश्न मागच्या चाकाचा. फ्रीव्हीलवर पाय थांबवून सायकल नुसती सोडून देता येते. फिक्स्डवर चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, मग उतार असो की खड्डा.

फ्रेमचं म्हणाल तर मागच्या एक्सलची (चाकाच्या आसाची) खाच आडवी हवी, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. जुन्या स्टीलच्या सायकलींना ती असते. हल्लीच्या गिअरवाल्यांना बहुधा उभी खाच असते. तिथे फ्रीव्हीलचं टेन्शनरवर (चेन ताणून धरणाऱ्या जोडावर) भागतं, फिक्स्डचं नाही: पायाने मागे दाब दिला की चेनची खालची बाजू ताणते आणि टेन्शनर मोडतो.

खरी मेख हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात आहे. फिक्स्डच्या हबवर कॉगसाठी (मागच्या दातेरी चक्रीसाठी) नेहमीचे आटे असतात आणि त्याबाहेर लॉकरिंगसाठी, म्हणजे कॉग अडवणाऱ्या कडीसाठी, उलटे. मागे दाब आला की कॉग सुटायला बघतो आणि त्याच ओढीने लॉकरिंग आणखी आवळते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवरही हा कॉग बसतो, म्हणून स्वस्तात उरकायचा मोह होतो. पण लॉकरिंगला जागाच नसल्याने नेमका मागे रेटून वेग कमी करताना कॉग सुटतो. लॉकटाइटवर (आटे चिकटवणाऱ्या गोंदावर) किंवा वेल्ड केलेल्या फ्रीव्हीलवर चालवलेलं असं चाक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मन ठरत नसेल तर फ्लिप-फ्लॉप हब घ्या: एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. पुढे ४२ दात, फिक्स्ड १६, फ्रीव्हील १८. चाक उलटवलं की एक्सल साधारण ६ मिमी सरकतो. ब्रेकचे रबर पुन्हा रिमवर जुळवा. ४८-१६ टाळा, स्किड मारताना (पायाने मागचं चाक अडवून घसरवताना) टायर एकाच जागी घासतो. ४२-१६ ला ती झीज आठ जागी वाटली जाते.

रोज ट्रॅफिक आणि वाटेत घाट असेल तर सरळ फ्रीव्हील आणि दोन ब्रेक. ४२-१६ फिक्स्डवर उताराला ताशी ४० किमी म्हणजे पाय मिनिटाला १२० वेळा फिरणार. नवख्याला ते झेपत नाही. सपाट रस्ता असेल, किंवा पुढेमागे वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) उतरायचं असेल, तर फिक्स्ड. ट्रॅकवर ब्रेक चालत नाही, रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच.

शिकताना रिकामं मैदान गाठा. सवयीने पाय थांबवायला जाल आणि सायकल सीटवरून उचलून फेकायला बघेल. आठवडाभर फक्त दोन गोष्टी करा: पाय सैल ठेवून फिरू देणं आणि हळूहळू मागे रेटून वेग उतरवणं. टो-क्लिप (पाय पायडलला धरून ठेवणारी पकड) त्यानंतर. वळताना आतला पायडल जमिनीला लागतो, म्हणून १६५ मिमीची आखूड क्रँक (पायडलचा दांडा) बरी.

चेन मध्यावर बोटाने वर-खाली सुमारे १ सेंमी हलावी. ती पुसताना चाक फिरवत फडकं धरू नका: फिक्स्डची चेन बोट अडकलं म्हणून थांबत नाही, ते कॉगपर्यंत ओढून नेते. चाक स्थिर ठेवून थोडी थोडी पुसा.