हातपंपाचा बीएफआर कफ: सहा महिन्यांनंतर काट्याची कहाणी

कफ १६० वर (मिमी पारा, बीपीच्या मापात) फुगवला, चौथा सेट संपला तेव्हा काटा १२५ वर. एसीएलच्या (गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटसाठी सहा महिने वापरलेल्या या हातपंपाच्या बीएफआर कफबद्दल (बीएफआर म्हणजे रक्तप्रवाह अंशतः अडवून हलक्या वजनाने व्यायाम) बाकी जे लिहिण्यासारखं आहे, ते या पस्तीसच्या फरकापुढे किरकोळ आहे.

हिशोब बघा. पेशंटला झोपवून, आतल्या घोट्यामागे हँड डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरून कफ फुगवत नेला आणि आवाज २०० ला बंद झाला, तर ती त्या पायाची एलओपी, म्हणजे रक्तप्रवाह पूर्ण थांबवणारा दाब. तिचे ८० टक्के म्हणजे १६०. काटा १२५ वर आला की उरतात ६२ टक्के. मांडीला ४० ते ८० टक्क्यांत काम होतं, हे मान्य. पण मग फाइलमध्ये ८० कशाला लिहायचे? दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली या लयीत ३०-१५-१५-१५ च्या ७५ रेप्सना ५ मिनिटं, मधल्या ३०-३० सेकंदांच्या तीन विश्रांत्या धरून साडेसहा. विश्रांतीत हवा सोडायची नसते, म्हणजे गळतीला साडेसहा मिनिटं सलग मोकळं रान.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: थोडी गळती नॉर्मल आहे, अधूनमधून पंप मारा. मग पेशंटचा गुडघा आत वळतोय का ते कोणी बघायचं? वॉरंटी म्हणे कफच्या कापडाला, पंप ‘ॲक्सेसरी’.

गळती नेमकी कुठे आहे हे घरी शोधता येतं. मांडीएवढ्या स्टीलच्या डब्याभोवती कफ घट्ट गुंडाळा, १६० पर्यंत फुगवा आणि प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावा. या कफमध्ये बुडबुडे दोन ठिकाणी आले. एक, झटपट काढायच्या कनेक्टरमधली ओ-रिंग चपटी झाली होती. दुसरं, पंपाच्या एकमार्गी व्हॉल्व्हमध्ये कापडाचा भुसा अडकला होता. भुसा काढून दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. शेवटी सर्जिकलच्या दुकानातून बीपी मशीनचा रबरी फुगा आणला, सोडायच्या स्क्रूसकट, शे-दीडशे रुपयांत. नेताना नळी सोबत न्या, जाडी जुळली नाही तर दुसरी गळती विकत घ्याल. ओ-रिंगही बदलली. आता डब्यावर दहा मिनिटांत काटा चारनेच उतरतो.

इथवर सगळा दोष कंपनीचा वाटत होता. पण त्यानंतरही मांडीवर काटा पहिल्याच मिनिटात बारा-पंधराने पडायचा, डब्यावर नाही. म्हणजे ही गळती नव्हेच. दाबाखाली मांडीचं मांस बसतं, वेल्क्रो किंचित सरकतो आणि कफ सैल होतो. उपाय फुकट आहे. मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, आत सुरकुती न पडू देता सुती स्टॉकिनेट (नळीसारखं विणलेलं कापड) चढवा, त्यावर कफ गुंडाळा, एकदा १०० पर्यंत फुगवून हवा सोडा, पुन्हा आवळा आणि मगच ठरलेल्या दाबाला न्या. वेल्क्रोतले केस-धागे जुन्या टूथब्रशने आठवड्याला काढा. आणि काटा वाचायचा तो पाय सैल असताना. स्नायू आवळला की तो वर उडतो आणि पंप मारायची गरज नाही असं वाटतं. लेग प्रेस बसून करायचा असेल तर एलओपीही बसवूनच मोजा. झोपून घेतलेला आकडा बसल्यावर लागू पडत नाही.

बाकी कफ चांगला आहे. ११ सेंटिमीटर रुंद असल्याने ५ सेंटिमीटरच्या पट्ट्यांपेक्षा कमी दाबात काम होतं, काठाचे वळही कमी उठतात. नुसते खेचून बांधायचे इलॅस्टिक पट्टे शस्त्रक्रिया झालेल्या पायाला नकोत, किती दाब पडतोय ते कळतच नाही. वजन १आरएमच्या (एकदाच उचलता येणाऱ्या सर्वाधिक वजनाच्या) २० ते ३० टक्के. नव्या ग्राफ्टवर (शस्त्रक्रियेत बसवलेल्या अस्थिबंधावर) १आरएम काढायचा नसतोच, म्हणून अंदाजाने ठरवा. ७५ आरामात झाले तर वजन कमी पडतंय, शेवटच्या सेटमध्ये दहा-बाराला पाय थांबला तर बरोबर. सुरुवातीला नी एक्स्टेन्शन (बसून गुडघा सरळ करणं) ९० ते ४५ अंशांतच, तेही सर्जनने हो म्हटल्यावर.

पाय लालसर-जांभळा होणं चालतं. पांढरा, गार पडला किंवा मुंग्या आल्या तर हवा लगेच सोडा. शस्त्रक्रियेनंतर डीव्हीटीचा (पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा) धोका असतोच, म्हणून दर वेळी आधी पोटरी दाबून बघा. दुखरी, सुजलेली असेल तर कफला हात लावू नका, सर्जनला कळवा. विदर्भातल्या पेशंटला सिकलसेलबद्दल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

डेल्फीसारखं एलओपी स्वतः मोजून दाब स्वतःच सांभाळणारं यंत्र घ्यायचं तर लाखांची गोष्ट. तेवढे पैसे नसतील तर हाच कफ घ्या, पण डबा सोबत न्या. दुकानदार कितीही हसला तरी काउंटरवरच गुंडाळून १६० वर दहा मिनिटं ठेवा. दहापेक्षा जास्त उतरला तर दुसरा पीस मागा.